ते गिराण नव्हतं

डॉक्टर गप्प झाल्या, तेव्हाच सिद्धेश्वरीला कळलं की काहीतरी बिनसलंय.

एरवी डॉ. ऋतुजा देशमाने सोनोग्राफी करताना अखंड बोलायच्या. हा कणा, हे पोट, ही मांडी, बघा कशी लाथ मारतंय. सिद्धेश्वरीला समोरच्या पडद्यावर राखाडी धुक्यापलीकडे काही दिसत नसे. तिच्या चष्म्याच्या काचा बोटभर जाड, आणि काचांमागे दोन्ही डोळे सदानकदा बारीक हलत राहायचे. म्हणून ती पडद्याचा नाद सोडून डॉक्टरांच्या आवाजाकडे कान लावून पडायची. एप्रिलातल्या त्या सकाळी एकोणिसावा आठवडा चालू होता. डॉक्टर हृदयापाशी बोलत होत्या, हातापायांपाशी बोलत होत्या. बाळाच्या तोंडापाशी आल्या आणि आवाज बंद झाला. नुसती मशीनच्या बटणांची टकटक.

"डाव्या कुशीवर व्हा जरा," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. मग, "पाणी पिऊन पंधरा मिनिटं फिरून या." मग पुन्हा तीच टकटक. शेवटी त्यांनी बाहेर बसलेल्या प्रभुला, तिच्या नवऱ्याला, आत बोलावलं.

"तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन कधी झालं होतं?" त्यांनी सिद्धेश्वरीला विचारलं.

"चौथ्या वर्षी. दोनी डोळ्यांचं. जन्मताच मोतीबिंदू होता."

"बाळाच्या डोळ्यातलं भिंग या दिवसांत मशीनवर काळं दिसतं. कडेनं बारीक पांढरी रेघ आणि मधे काळं. तुमच्या बाळाच्या दोन्ही डोळ्यांत ते मधेही पांढरं दिसतंय."

प्रभु उभाच होता. "म्हंजे आंधळं हाय का?"

"तसं मी म्हणत नाही. मोतीबिंदू असावा, असं वाटतंय. तो नुसता डोळ्यापुरता आहे, की गरोदरपणात एखादा संसर्ग झालाय, की मेंदूबिंदूशी संबंधित मोठ्या आजाराचा भाग आहे, ते शोधावं लागेल. डोळ्यांचा आकार मी मोजलाय, तो बरोबर आहे." त्यांनी मशीन बंद केलं. "घाबरू नका, असं मी सांगणार नाही. पण आजच काही ठरवून टाकू नका, एवढं सांगते."

बाहेर आल्यावर प्रभुनं मोटारसायकल काढली. रोज ती मागं बसली की तो म्हणायचा, "बसलीस का?" त्या दिवशी त्यानं विचारलंच नाही. ती बसल्यावर थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं, मग गाडी निघाली.

सिद्धेश्वरी पंचवीस वर्षांची. माहेर अक्कलकोटच्या पुढं, मैंदर्गीला. वडील गुरप्पा यांचं किराणा दुकान. घरात कन्नड, शाळेत मराठी, दुकानात जे गिऱ्हाईक येईल त्याची भाषा. बारावीनंतर ती सोलापुरात मावशीकडे राहायला आली आणि एमआयडीसीतल्या शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात लागली. मालकानं आधी चष्मा बघून नको म्हटलं होतं. मग एका दिवसासाठी तपासणीच्या टेबलावर बसवून बघितलं. शर्टाच्या शिवणीवरून ती बोटं फिरवायची आणि सुटलेला टाका तिथल्या तिथं सापडायचा. धड डोळ्यांच्या बायकांच्या नजरेतून निसटलेलं तिच्या बोटांतून निसटत नसे. आठ दिवसांत तिचं टेबल कायम झालं.

प्रभु त्याच कारखान्यात शिलाई मशीनं दुरुस्त करायचा. त्यानंच मागणी घातली. त्याची आई महादेवी तेव्हा नको म्हणाली होती. उघड म्हणाली होती, सिद्धेश्वरीच्या मावशीच्या तोंडावर: "उद्या पोरंबाळं झाली तर?" प्रभु हटला नाही, लग्न झालं. आणि गंमत अशी, की एकदा सून घरात आल्यावर त्याच महादेवीनं स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या जागा कायमच्या ठरवून टाकल्या. मीठ डावीकडं, चटणी त्याच्या शेजारी, पीठ खाली. पाहुणी बाई जरी डबा हलवू लागली तरी ती रागवायची. याबद्दल ती कधी काही बोलली मात्र नाही. सिद्धेश्वरी तिला अत्ती म्हणायची.

त्या दुपारी अत्तीनं सगळं ऐकून घेतलं. तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, "आत्ताच कळलंय ते बरं झालं. अजून वेळ हाय."

कशाला वेळ आहे, ते तिघांनाही कळलं.

सिद्धेश्वरीच्या डोळ्यांचं कारण तिच्या माहेरी सगळ्यांना पाठ होतं. नव्व्याण्णव साली दिव्याच्या अवसेला सूर्यग्रहण लागलं होतं. तिची आई शिवबाई तेव्हा चार महिन्यांची गरोदर. संध्याकाळच्या भाजीची वेळ झाली म्हणून तिनं ग्रहणात वांगी चिरली. विसरली होती, का मानलं नव्हतं, हे तिनं कधी सांगितलं नाही. पोर जन्मली ती डोळ्यांत पांढऱ्या बाहुल्या घेऊन. सासूनं विळीकडं बोट दाखवलं, जावेनं दाखवलं, पुढं गल्लीनं दाखवलं. तेव्हापासून शिवबाई प्रत्येक ग्रहण निर्जळी पाळायची, काळोख्या खोलीत हात मांडीवर ठेवून, बोटसुद्धा न हलवता. घरात कुणी तिला तोडून बोलायचं नाही आता. पण वांग्याची भाजी त्या घरात पंचवीस वर्षांत शिजली नव्हती.

महिन्यातून एकदा, दुसऱ्या शनिवारी, पुण्याहून जनुकतज्ज्ञ यायचे. डॉ. अभिमन्यू साबळे. डॉ. ऋतुजांनी त्यांच्याकडे पाठवलं. त्यांनी आधी कोरा कागद घेतला आणि पुरुषांसाठी चौकोन, बायकांसाठी गोल, असं तिचं सगळं खानदान काढलं. तिच्या गोलात पेन्सिलीनं काळं भरलं.

"आईची नजर?"

"चांगली हाय."

"वडिलांची?"

"त्यांची पण चांगलीच हाय की. चष्मासुद्धा न्हाई."

"उन्हाचा त्रास होतो त्यांना? सुईत दोरा ओवतात?"

सिद्धेश्वरी उत्तर द्यायला गेली आणि थबकली. अप्पा दुकानात कधी पुढं बसायचे नाहीत. मागं, पोत्यांच्या आडोशाला बसायचे. दुपारी दारावर गोणपाट सोडायचे. वजन बघताना मान तिरकी करायचे. भर उन्हात घरी येताना सायकल हातात धरून चालत यायचे. पोरांना वाटायचं, अप्पांना ऊन सोसत नाही, आणि सायकल जुनी झालीय.

"त्यांना कधी डोळ्याच्या डॉक्टरला दाखवलं न्हाई," ती म्हणाली.

"दोघांनाही बोलवा. काही घराण्यांत असा मोतीबिंदू एका पालकाकडून येतो. एकाच घरात एखाद्याला नुसते ठिपके असतात, आणि त्याच्याच मुलीचं अख्खं भिंग पांढरं होतं. तसं असेल तर तुमच्या प्रत्येक बाळाला निम्मी शक्यता."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आमच्यात म्हणत्यात, गिराणामुळं झालं."

डॉक्टर हसले नाहीत. "ग्रहणानं मोतीबिंदू होत नाही. नेत्रविभागातल्या डॉक्टर आईला हे नीट सांगतील, मी त्यांना बोलून ठेवतो."

पुढच्या आठवड्यात डॉ. ऋतुजांनी पोटातलं पाणी काढलं. लांब सुई, सोनोग्राफीत बघत बघत. क्वचित या सुईनं गर्भ पडतो, हे आधी सांगून सही घेतली होती. पाच मिनिटांचं काम, पण सिद्धेश्वरीनं श्वास असा धरला की नर्सला सांगावं लागलं, "ताई, सोडा की श्वास." पुढचे दोन दिवस ती घरी पडून होती. पोटात काही हललं की भीती, आणि हललं नाही की त्याहून मोठी भीती. तिचं रक्त आणि ते पाणी तपासायला बाहेर गेलं. डॉक्टर म्हणाले होते, तीन आठवडे. म्हणजे तेवीस आठवडे पूर्ण होतील. चोवीसच्या पुढं गर्भपाताचा विचार करायचा झाला तर सरकारी बोर्डापुढं जावं लागतं, हेही त्यांनी सांगून ठेवलं होतं. तेव्हापासून घरात तारखांशिवाय दुसरं काही उरलं नाही.

आईवडील मैंदर्गीहून एसटीनं आले. रुग्णालयात आधी दोघांचं रक्त घेतलं, मग नेत्रविभागात डोळ्यांत थेंब टाकून बसवलं. शिवबाईचे डोळे दोन मिनिटांत तपासून झाले. गुरप्पांच्या डोळ्यांपाशी मात्र तिथल्या डॉक्टरीणबाई बराच वेळ थांबल्या.

"काका, तुमच्या दोन्ही भिंगांत बारीक पांढरे ठिपके आहेत. जन्मापासूनचे दिसतात."

"किती?"

"मोजता येणार नाहीत. खसखस सांडल्यासारखे."

किराणा दुकानदाराला आणखी समजावून सांगायची गरज नव्हती. गुरप्पा स्टुलावरून उठले आणि भिंतीला हात लावत बाहेर बाकावर जाऊन बसले. थेंबांमुळं बाहुल्या मोठ्या झालेल्या, उजेड सोसेना, म्हणून त्यांनी डोळ्यांवर हात धरला होता. तो हात त्यांनी नंतरही बराच वेळ काढला नाही.

शिवबाई आतच उभी होती. डॉक्टरीणबाईंनी तिला सगळं सांगितलं. वांगी, विळी, अवस, कशाचाही संबंध नाही, हे दोनदा सांगितलं. सिद्धेश्वरी आईला अव्वा म्हणायची. तिला वाटलं होतं, अव्वा रडेल, निदान सुटल्यासारखा श्वास तरी टाकेल. पण शिवबाईनं वेगळंच विचारलं.

"पोरीला चौथ्या वर्साला आणली हितं. आदी आणली असती तर?"

बाई जरा घुटमळल्या. "पहिल्या दोन-तीन महिन्यांत ऑपरेशन झालं असतं तर नजर बरीच चांगली राहिली असती. डोळ्यांत प्रकाश गेला तरच मेंदू बघायला शिकतो. उशीर झाला की ते शिकायचं राहून जातं. मग डोळे असे हलत राहतात."

शिवबाईनं मुलीकडं बघितलं. त्या हलणाऱ्या डोळ्यांकडं.

"म्हंजे गिराण न्हवतंच," ती हळू म्हणाली. "आन् आमी तीन वर्सं गिराणाचंच बगत बसलो. ह्या देवाला न्हे, त्या मठाला न्हे. अभिषेक कर, अंगारा लाव. डागदर म्हणालेला की, सोलापूरला न्हेवा म्हणून. मीच म्हणले, आदी दोष उतरू दे."

"अव्वा, तुला काय माहीत होतं?" सिद्धेश्वरी म्हणाली.

"तेच की. काय बी माहीत न्हवतं."

पंचवीस वर्षं डोक्यावर वाहिलेला दोष कुणीतरी उतरवून घेतला होता, आणि त्याच घटकेला दुसरा ठेवला होता. हा दुसरा खरा होता. सिद्धेश्वरीला वाटलं, अव्वाला बोलवायलाच नको होतं. बाहेर बाकावर गुरप्पा डोळ्यांवरचा हात न काढता बायकोला कन्नडमध्ये एवढंच म्हणाले, "तप्प नंद ऐति." चूक माझी आहे. शिवबाई त्यांच्या शेजारी बसली. दोघांनीही मग एसटी येईपर्यंत काही खाल्लं नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. मे महिना, कारखान्यात गणवेशांचा हंगाम, पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं ऊन. टेबलावर शर्टांचे ढीग. सिद्धेश्वरीचा हात शिवणीवरून फिरायचा आणि मन तारखेवर. संसर्गाच्या तपासण्या आल्या, त्यात काही निघालं नाही. बाळाच्या मेंदूचा एमआरआय झाला. मशीनच्या त्या धडधडाटात ती अर्धा तास देवाचं नाव घ्यायला गेली, पण नाव मधेच तुटायचं आणि 'मेंदूबिंदू' हा डॉक्टरांचा एकच शब्द डोक्यात फिरायचा. त्याचाही अहवाल चांगला आला. मेंदू व्यवस्थित आहे.

आता फक्त जनुकांचा अहवाल राहिला होता.

एका दुपारी चहाच्या सुट्टीत प्रभु तिच्या टेबलापाशी आला. शेजारच्या मशीनचा पट्टा सैल झाला होता, तो काढून हातात घेऊन बसला.

"आई म्हणती तसं करायचं का?" त्यानं विचारलं. तिच्याकडं न बघता.

"तुमाला काय वाटतं?"

"मला तुझ्याबद्दल काय म्हणायचं न्हाई. मी बाळाबद्दल बोलतोय."

"दोनीत काय फरक हाय?"

तो पट्टा बसवू लागला. बसेना. परत काढला.

खरं सांगायचं तर तिचं तिलाच ठरत नव्हतं. नवऱ्याला निरुत्तर करणं सोपं होतं. पण तिला तिची शाळा आठवत होती. पहिल्या बाकावर बसूनही फळा पांढरा-काळा धूर दिसायचा. धाव म्हटलं की पोरं आधी तिच्याकडं बघायची, आता कुठं आपटती म्हणून. लग्नात हार घालताना तिनं प्रभुच्या कानाला हार अडकवला होता आणि मांडवभर हसू पसरलं होतं. हे सगळं तिनं ओलांडलं होतं, पण दुसऱ्या कुणाला त्यातून जायला लावायचा हक्क आपल्याला आहे का? आणि नसेल, तर आपल्या अव्वाला तरी कुठं होता?

महादेवीनंच एके सकाळी विषय काढला. देवपूजा झाली होती. कपाळाला भस्म ओलं होतं.

"तुला एक विचारू? लहानपणी तुला काय काय सोसायला लागलं, ते सांग मला. खरं सांग."

सिद्धेश्वरीनं सांगितलं. काही लपवलं नाही. फळा, पोरं, मांडवातला हार. ऑपरेशननंतरची डोळ्याची पट्टी. बसच्या पाट्या वाचता येत नाहीत म्हणून चुकीच्या गाडीत बसून दुधनीला पोहोचलेली ती एक संध्याकाळ.

"आणि बरं काय वाटलं कधी?" शेवटी तिनं विचारलं.

असं सिद्धेश्वरीला कुणी विचारलं नव्हतं. "पहिल्यांदा टेबल मिळालं तेव्हा," ती म्हणाली. "आणि तुमी डबे लावले तेव्हा."

महादेवीनं भस्माचं बोट पदराला पुसलं. "मी तुला न्हाई म्हणले होते. ठाऊक हाय ना?"

"हाय."

"प्रभुनं ऐकलं न्हाई ते बरं झालं. आता मी काय सांगणार न्हाई. तुमी दोघं ठरवा. पण मला भ्या वाटतंय, सिद्धेश्वरी. खोटं कशाला बोलू?"

"मला पण वाटतंय, अत्ती."

अहवाल आला तेव्हा तेवीस आठवडे आणि दोन दिवस झाले होते. डॉ. साबळे त्या दिवशी पुण्यात होते, डॉ. ऋतुजांच्या खोलीत बसून त्यांच्याशी फोनवर बोलणं झालं. भिंगाचं प्रथिन बनवणाऱ्या एका जनुकात बदल आहे. तोच बदल गुरप्पांत, तोच सिद्धेश्वरीत, तोच बाळात. बाकी अवयवांना त्याचा धोका नसतो. बाळाला मोतीबिंदू आहे, आता शंका नाही. किती दिसेल, ते आज सांगता येत नाही. चांगलं दिसण्याची शक्यता आईपेक्षा बरीच जास्त, पण वेळेवर ऑपरेशन, मग चष्मा, मग वर्षानुवर्षं तपासण्या. डोळ्यांतला दाब पुढं वाढू शकतो, तो जन्मभर बघत राहावा लागेल. डॉक्टर सगळं सांगून म्हणाले, "निर्णय तुमचा. कायदा काय म्हणतो ते तुम्हाला माहीत आहे. कुणी घाई करणार नाही, पण दिवस थोडे आहेत."

प्रभुनं तिच्याकडं बघितलं. त्याच्या हाताला घाम आला होता, ते तिला बोटांनी कळलं.

"जन्मल्यावर किती दिवसांत ऑपरेशन करायला लागतं?" तिनं विचारलं.

"सहा ते आठ आठवड्यांत. एवढ्या लहान बाळाचं पुण्यालाच करावं लागेल."

"मग पुण्याला आत्ताच सांगून ठेवता येतं का?"

डॉ. ऋतुजांनी टेबलावरची डायरी ओढली. प्रभु म्हणाला, "सांगून ठेवा, मॅडम."

ठरलं म्हणून भीती गेली, असं झालं नाही. उलट आता ती रोजची झाली. शिवबाई जुलैतच मैंदर्गीहून राहायला आली. तिला वाचता जेमतेम यायचं, पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिनं कोळशानं खुणा करायला सुरुवात केली. बाळ एकोणीस ऑगस्टला झालं. मुलगी. नर्सनं पुसून आणली तेव्हा शिवबाईनं तिला खिडकीच्या उजेडात धरली आणि डोळे उघडायची वाट बघत उभी राहिली. उघडले. दोन्ही बाहुल्यांत दुधाचा थेंब पडल्यासारखं पांढरं. तिनं पोर सिद्धेश्वरीच्या कुशीत ठेवली आणि विचारलं, "आजपास्नं मोजायचं, का उद्यापास्नं?"

बारशाला आरोही नाव ठेवलं. ऑपरेशनची तारीख ठरली, साडेसहा आठवड्यांनी. हुतात्मा एक्स्प्रेसची तिकिटं काढली. आणि निघायच्या तीन दिवस आधी आरोहीला ताप भरला. नाक चोंदलं, छातीत घरघर. पुण्याहून भूलतज्ज्ञांनी फोनवरच सांगितलं, एवढ्याशा बाळाला सर्दीत भूल देणार नाही. बरं झाल्यावर चार दिवसांनी या.

शिवबाई कॅलेंडरपाशी जाऊन उभी राहिली. "परत उशीर," ती म्हणाली. मग आवाज चढवून, "परत उशीर व्हायला लागलाय. त्येंना सांग की, सात आठवडं हुत्यात म्हणून."

"अव्वा, आठ आठवड्यांपर्यंत चालतं, डॉक्टर म्हणलेत."

"आमाला पण सगळं चालतंच म्हणले हुते."

ती भिंतीला टेकून खाली बसली आणि पहिल्यांदा रडली. महादेवी तिच्याजवळ गेली. दोघी विहिणी, एरवी एकमेकींशी जपून बोलणाऱ्या. महादेवीनं तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आपण दोघी रोज वाफ देऊ या. पोरगी बरी होती, बघा." ताप तिसऱ्या दिवशी उतरला. छाती मोकळी व्हायला आणखी पाच दिवस लागले. ते पाच दिवस सिद्धेश्वरी बाळाच्या पाठीला कान लावून बसायची. तिचे कान पक्के होते. घरघर थांबली ते डॉक्टरांच्या आधी तिला कळलं.

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आरोहीला सात आठवडे आणि पाच दिवस झाले होते. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या डोळ्याचं. दार बंद व्हायचं, दिवा लागायचा, आणि बाहेर चौघंजणं बाकावर. गुरप्पाही आले होते. आता त्यांनी काळा चष्मा घ्यायला सुरुवात केली होती. "आदीच घेतला असता तर सायकल चालवली असती," एवढंच ते म्हणाले.

पंधरा दिवसांनी आरोहीला चष्मा आला. डोक्यामागून इलॅस्टिकची पट्टी, समोर तिच्या आईच्या काचांसारख्याच जाड काचा. पहिल्या दिवशी ती दिवसभर रडली आणि चष्मा ओढत राहिली. दुसऱ्या दिवशी कमी. चौथ्या दिवशी महादेवी तिच्यासमोरून लाल लुगडं नेसून गेली, तर पोरीनं मान वळवली. महादेवी मुद्दाम परत गेली. परत मान वळली. मग ती दिवसभर काही ना काही कारण काढून तिथूनच जात राहिली.

डिसेंबरात पुण्याच्या तपासणीत तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बारीक टॉर्च या बाजूनं त्या बाजूला नेला. डोळे टॉर्चमागं गेले आणि थांबले. "पकडतेय," बाई म्हणाल्या. "छान पकडतेय. दाब आज ठीक आहे. तीन महिन्यांनी परत." त्या 'आज' शब्दावर सिद्धेश्वरी परतीच्या गाडीत कुर्डुवाडीपर्यंत विचार करत राहिली.

शिवबाई मैंदर्गीला परतली. आता गल्लीत कुणाचं बाळंतपण झालं की ती पाचवीच्या आधीच जाते, बाळाला दारात उजेडाला धरते आणि त्याच्या बाहुल्या बघते. एका बाईनं तिला नजर लावते म्हणून हाकलून दिलं. ती दुसऱ्या दिवशी परत गेली. "नुसतं काळं हाय का ते बगते," म्हणाली, "बगू दे की."

सिद्धेश्वरी जानेवारीत पुन्हा टेबलावर रुजू झाली. सकाळी निघायच्या आधी ती आरोहीचा चष्मा काढून काचा पुसते, आणि चष्मा परत लावायच्या आधी पोरीच्या तोंडाशी तोंड नेऊन, नाकाला नाक लागेल इतक्या जवळून, तिच्या डोळ्यांकडं बघते. इतक्या जवळून तिला दिसतं. डोळे हलतायत का, एवढंच बघायचं असतं. बाहेर प्रभु गाडीचा हॉर्न वाजवतो.

"काय गं?" महादेवी आतून विचारते.

"न्हाई हलत," ती म्हणते. "आज तर न्हाई."